चार स्पीकरांच्या जुन्या रेकॉर्डी संगणकावर उलगडताना: या चुका टाळा

माझे मामा बोटीवर होते. सत्तरच्या दशकात सुट्टीवर वेंगुर्ल्याला येताना ते रेकॉर्डी घेऊन यायचे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून पन्नासेक रेकॉर्डी आहेत आणि त्यातल्या आठांच्या कव्हरवर कोपऱ्यात ‘एसक्यू’ किंवा ‘क्यूएस’ अशी अक्षरं छापलेली आहेत. ती अक्षरं म्हणजे कंपनीचं काहीतरी असेल, असं धरून आम्ही वर्षानुवर्षं त्या साध्या दोन स्पीकरांवर ऐकल्या. त्या क्वाड्राफोनिक होत्या. पुढे दोन आणि मागे दोन अशा चार स्पीकरांसाठी केलेल्या.

असे संग्रह कोकणात बऱ्याच घरांत निघतात, कारण बोटीवर किंवा आखातात गेलेलं कुणी ना कुणी प्रत्येक वाडीत असतंच. चार आवाज सुटे करणारं जुनं यंत्र, म्हणजे डिकोडर, मिळवणं अवघड आहे, पण लॅपटॉप आणि ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून हे काम घरी होतं. मी ते केलं आणि आधी बऱ्याच ठिकाणी अडकलो. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. एसक्यू आणि क्यूएस रेकॉर्डवर चार आवाज वेगवेगळे कोरलेले नसतात. खाच एकच आणि चॅनेल दोनच, डावा आणि उजवा. मागचे दोन आवाज या दोघांमधल्या फेजच्या आणि पातळीच्या फरकात दडवलेले असतात. फेज म्हणजे एक लाट दुसरीच्या किती पुढे किंवा मागे आहे ते; ते अंशांत मोजतात, पूर्ण लाट ३६० अंश. त्यामुळे डाव्या-उजव्याच्या या नात्याला जिथे धक्का लागेल, तिथे मागचे स्पीकर बिघडतील. खालच्या बहुतेक चुका याच एका कारणाने होतात.

रेकॉर्ड कुठल्या पद्धतीची आहे ते न बघणं

१९७१ च्या आसपास तीन मोठ्या पद्धती बाजारात आल्या. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४. पहिल्या दोन मॅट्रिक्स पद्धती आहेत, म्हणजे चार आवाज दोन चॅनेलांत मिसळणाऱ्या, पण त्यांची गणितं वेगळी. एसक्यूमध्ये पुढचे दोन एकमेकांपासून पूर्ण वेगळे राहतात आणि मागचे दोनही तसेच. पुढचा आणि मागचा यांच्यात मात्र फरक जेमतेम ३ डेसिबल. क्यूएसमध्ये समोरासमोरचे कोपरे, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, पूर्ण सुटे होतात आणि शेजारचे ३ डेसिबलवर राहतात. एकीचं सूत्र दुसरीला लावलं तरी चारही स्पीकरमधून काहीतरी वाजतंच, म्हणून चूक लवकर कळत नाही. जपानी क्यूएस रेकॉर्डवर कधी ‘रेग्युलर मॅट्रिक्स’ असं लिहिलेलं असतं. कव्हरवर विसंबू नका, मधल्या लेबलवर बघा. आमच्याकडे एका क्वाड कव्हरात साधी स्टिरिओ रेकॉर्ड निघाली.

बुरशी, खारा वारा आणि विहिरीचं पाणी

आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळंच बुरसतं, रेकॉर्डीही. भिंगातून पाहिलं तर खाचांमध्ये पांढुरके, जाळीसारखे ठिपके दिसतात. सुई तिथून गेली की खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखा परिणाम होत नाही. एका चॅनेलमध्ये चरचर होते, दुसऱ्यात होत नाही आणि ती डिकोड झाल्यावर चारही कोपऱ्यांत पसरते. म्हणून धुतल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका. विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी वापरू नका, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही गॅरेजजवळ मिळतं, ते चालतं. त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल विनाइलला चालतं. पण त्याच ट्रंकेत आजोबांच्या काळातल्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका. लाख त्यात विरघळते.

दुसरं नुकसान खाऱ्या हवेचं. कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, मागच्या चार बारीक पिना आणि केबलची टोकं हिरवट पडतात. एका चॅनेलचा संपर्क कमजोर झाला की त्याची पातळी घसरते, आणि १ डेसिबलच्या फरकानेही मागचे दोन आवाज एकमेकांत झिरपू लागतात. पिना हलक्या हाताने पुसा, क्लिपा एकदा काढून पुन्हा बसवा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात केबल घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बहुतेक लॅपटॉपचा माइक इनपुट मोनो असतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनेलच्या दोन पट्ट्या दिसतात, पण दोन्हींत एकच आवाज असतो. मग डावं-उजवं नातंच संपलं, डिकोड करायला उरलं काय? स्टिरिओ लाइन इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस घ्या. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगात आवाज ‘सुधारणारे’ पर्याय चालू असतील तर ते सगळे बंद करा.

वायरींची अदलाबदल

कार्ट्रिजच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: पांढरी डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, तांबडी उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. माझ्या टर्नटेबलची एक वायर तुटली होती. ती बाहेरून सांधून आणली, तेव्हा पांढरी आणि निळी उलट लागली. स्टिरिओत ऐकताना आवाज जरा पसरट वाटायचा, एवढंच. एसक्यू डिकोड केल्यावर मात्र मागचा डावा आवाज मागच्या उजव्या स्पीकरमधून येऊ लागला आणि उजवा डावीकडून. हा योगायोग नव्हता. एसक्यूच्या सूत्रात एका चॅनेलची दिशा उलटली की मागचे दोन जागा बदलतात, आणि पुढचे दोन जिथल्या तिथे राहतात. म्हणून तर ही चूक आठवडाभर माझ्या लक्षात आली नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. कुठल्याही साध्या रेकॉर्डचे दोन चॅनेल एकत्र करून मोनो ऐका. खर्ज अचानक पातळ झाला, गाणारा लांब गेला, तर एक चॅनेल उलटा आहे. वायर बदला, किंवा ऑडॅसिटीत तेवढाच चॅनेल ‘इन्व्हर्ट’ करा, म्हणजे त्याची लाट उलटी करा.

डिकोड करण्याआधीच साफसफाई

रेकॉर्डिंग झालं की हात शिवशिवतात. खरखर काढू, आवाज वाढवू, दोन्ही बाजू सारख्या करू, असं वाटतं. इथे नियम समजून घ्या. दोन्ही चॅनेलवर अगदी सारखी आणि सरळ प्रक्रिया केली तर नात्याला धक्का लागत नाही. टर्नटेबलची घरघर काढणारा फिल्टर दोन्हींना सारखाच लावा, काही बिघडत नाही. पण नॉइज रिडक्शन प्रत्येक चॅनेलचा आवाज स्वतंत्रपणे मोजून कमी-जास्त करतं. ते डिकोड झाल्यावरच, आणि तेही बेताने. ‘नॉर्मलाइझ’च्या चौकटीत स्टिरिओ चॅनेल स्वतंत्रपणे नॉर्मलाइझ करण्याची एक खूण आहे, ती काढून टाका. एकेक मोठा ‘टक’ मात्र आधीच हाताने काढलेला बरा, नाहीतर तो चार जागी ऐकू येतो. मूळ रेकॉर्डिंग एमपीथ्रीत तर कधीच ठेवू नका. फाइल लहान करताना एमपीथ्री डाव्या-उजव्यातला बारीक फरकच टाकून देतं, आणि आपल्याला हवं ते त्या फरकातच असतं. ३२-बिट फ्लोट वेव्ह किंवा २४-बिट फ्लॅक, बस.

कार्ट्रिजमुळेच एक बाजू बारीक येत असेल तर ती दुरुस्त करायलाच हवी, फक्त अंदाजाने नको. गायक मधोमध असलेला तुकडा निवडा. स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत तोडा, एक इन्व्हर्ट करा, दोन्ही एकत्र वाजवा आणि एकाचा आवाज ०.१ डेसिबलने वरखाली करत जा. गायक जिथे सगळ्यात जास्त नाहीसा होतो, तो तुमचा समतोल. तिथेही त्याचे ‘स’, ‘श’ स्पष्ट ऐकू येत राहिले तर दोष फक्त पातळीचा नाही, सुई एका बाजूला कललेली असू शकते. कार्ट्रिज समोरून पाहून सरळ करा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज शोधत बसू नका.

९० अंश म्हणजे ‘थोडा उशीर’ असं समजणं

मी सर्वांत जास्त दिवस इथेच अडकलो. एसक्यूचं साधं डिकोडिंग असं आहे: पुढचा डावा आणि पुढचा उजवा म्हणजे रेकॉर्डचे दोन चॅनेल जसेच्या तसे. मागचा डावा म्हणजे ९० अंश पुढे सरकवलेला डावा चॅनेल, त्यातून उजवा वजा, आणि उत्तराला ०.७०७ ने गुणा. मागचा उजवा म्हणजे डाव्या चॅनेलमधून ९० अंश पुढे सरकवलेला उजवा वजा, पुन्हा गुणिले ०.७०७.

‘इन्व्हर्ट’ने १८० अंश मिळतात, ९० नाही. आणि ट्रॅक थोडा सरकवून ९० अंश मिळत नाहीत, कारण १००० हर्ट्झला ९० अंश म्हणजे ०.२५ मिलिसेकंद, तर १०० हर्ट्झला २.५ मिलिसेकंद. एकच उशीर सगळ्या स्वरांना पुरत नाही. त्यासाठी हिल्बर्ट रूपांतर लागतं, म्हणजे प्रत्येक स्वराला सारखेच ९० अंश सरकवणारी गणिती प्रक्रिया. अडोबीच्या ऑडिशन या सॉफ्टवेअरमध्ये ‘ग्राफिक फेज शिफ्टर’ आहे, ऑडॅसिटीत त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं.

इथे दोन सापळे आहेत. प्लगइन कामाला काही नमुन्यांचा (संगणक आवाज ज्या बारीक तुकड्यांत साठवतो त्यांचा) वेळ घेतं. न सरकवलेला ट्रॅकही तेवढाच मागे नेला नाही तर सगळं विस्कटतं. दुसरा सापळा चिन्हाचा: हिल्बर्ट रूपांतराच्या नेहमीच्या व्याख्येत ९० अंश मागे सरकतात, पुढे नाही. चिन्ह चुकलं की मागचे दोन स्पीकर पुन्हा जागा बदलतात.

म्हणून आधी साध्या स्वरावर बघा. १००० हर्ट्झचा साइन स्वर तयार करा, त्याची प्रत काढा, प्रतीला प्लगइन लावा आणि दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवून इतक्या मोठ्या करा की एकेक लाट बोटभर दिसेल. प्रतीचं शिखर पाव लाट डावीकडे, म्हणजे आधी, आलं तर ९० अंश पुढे. उजवीकडे गेलं तर मागे, मग प्रत इन्व्हर्ट करा. हेच १०० हर्ट्झवर करा. तिथेही बरोबर पाव लाट दिसली तरच प्लगइनचा उशीर नीट भरून निघतोय.

एवढं सगळं बरोबर करूनही गायक मागून ऐकू आला तर घाबरू नका. साध्या एसक्यू सूत्रात मधोमधचा आवाज मागच्या दोन स्पीकरांत पुढच्याइतकाच मोठा येतो, फक्त एकमेकांच्या उलट फेजमध्ये. त्या काळातल्या डिकोडरमध्ये म्हणूनच पुढच्या जोडीत १० टक्के आणि मागच्या जोडीत ४० टक्के परस्पर मिसळण करायचे. मागच्या दोन ट्रॅकांत एकमेकांचा ४० टक्के भाग घाला, गायक मागून बराच कमी होतो. मागच्या दोघांतलं अंतर थोडं घटतं, पण मला हा सौदा मान्य आहे.

सीडी-४ ला हेच सगळं लावणं

सीडी-४, म्हणजे आरसीएच्या ‘क्वाड्राडिस्क’ वगैरे, वेगळ्याच जातीच्या. त्यांत पुढच्या-मागच्यातला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेला असतो आणि ती लहर साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत पसरते. ४४.१ किलोहर्ट्झने रेकॉर्ड केलं तर २२ च्या वरचं काही उरतच नाही. निदान ९६, शक्य असेल तर १९२ ठेवा. शिबाता किंवा तशीच बारीक कडेची सुई हवी, केबलची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडच्या आसपास हवी. आधी स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडा, वरची मर्यादा ४८००० करा आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचा शांत भाग बघा. ३० किलोहर्ट्झवर दोन्ही चॅनेलमध्ये आडवी रेघ दिसली तर आशा आहे. जाड, गोल सुईने वर्षानुवर्षं वाजवलेल्या रेकॉर्डवर ती रेघ तुटक दिसते किंवा पुसलेली असते. ती परत आणता येत नाही.

शेवटी फाइल काढताना

चार ट्रॅक चार-चॅनेल वेव्ह म्हणून काढले आणि होम थिएटरवर लावले, तर मागचा डावा मधल्या स्पीकरमधून आणि मागचा उजवा सबवूफरमधून घुमू शकतो. काही यंत्रं तिसऱ्या-चौथ्या चॅनेलला मधला आणि सबवूफर समजतात. म्हणून मी नेहमी सहा चॅनेल काढतो: पुढचा डावा, पुढचा उजवा, मग दोन रिकामे, मग मागचा डावा, मागचा उजवा. ऑडॅसिटीच्या एक्सपोर्टच्या चौकटीत चॅनेलसाठी ‘कस्टम मॅपिंग’ निवडलं की कुठला ट्रॅक कुठल्या चॅनेलला हे रेघा जोडून ठरवता येतं. फाइलच्या सुरुवातीला मी माझ्याच आवाजात एकेका ट्रॅकवर ‘पुढचा डावा’, ‘पुढचा उजवा’, ‘मागचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं बोलून ठेवतो. दुसऱ्याच्या घरी फाइल लावली की दहा सेकंदांत कळतं कुठली वायर चुकली आहे ते.