पीसी जुळवायच्या आधी एसएमपीएसचं लेबल वाच

मामाच्या पोराला यंदा गेमिंग पीसी पाहिजे. बजेट पन्नास हजार, मॉनिटर सोडून. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव ७,५२१ रुपये धरला तर हा जवळपास पावणेसात क्विंटल कापूस झाला. तोही हमीभाव हातात पडला तर. एवढा कापूस एका डब्यात घालायचा असेल तर डबा चालला पाहिजे, आणि माझा पहिला डबा चार महिन्यांत जळाला होता. म्हणून ही यादी. त्याला फोनवर सांगितलंच आहे, पण त्याच्यासारखे आणखी तिघे विचारून गेले, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

सगळे यादीची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करतात. मीही केली होती. आता एसएमपीएसपासून, म्हणजे घरातली वीज पीसीच्या भागांना पुरवणाऱ्या पेटीपासून करतो, कारण मागच्या वेळी तो माझ्या यादीत नव्हताच. दुकानदार म्हणाला, "कॅबिनेटसोबत येते ना भाऊ, वेगळा कायले घेता?" मला वाटलं, चला, चार हजार वाचले. त्या चार हजारांचं मोठं कार्ड घेतलं. एसएमपीएसवर ठळक अक्षरात ४५० वॅट लिहिलं होतं. उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीपासून दीडेक महिना झकास चालला. मग हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं. आमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर, आणि गावाला लागून असलेल्या विहिरींचे पंप त्याच डीपीवर. रात्री नऊनंतर पंखा रेंगाळायचा, ट्यूब फडफडायची, आणि ऐन मॅचमध्ये पीसी फटकन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. मी काय केलं? विंडोज नव्याने टाकलं. तीनदा. रॅम काढून खोडरबराने घासली. ड्रायव्हरला शिव्या घातल्या. दिवसा धड चालतो आणि रात्रीच बिघडतो, एवढ्यावरून कोणालाही कळलं असतं. मला फेब्रुवारीत कळलं, जेव्हा फट्ट आवाज झाला आणि खोलीभर सडक्या मासळीसारखा वास सुटला. एसएमपीएस गेला तो मदरबोर्डाला सोबत घेऊन गेला. दुकानात सांगितलं, जळालेल्या मालाला वॉरंटी नसते. घरी बाबांनी एवढंच विचारलं, "मोटार जळाली का आपण पहिले व्होल्टेज पाह्यतो ना बे? मंग याचं काऊन नाही पाह्यलं?"

खरंच, काऊन नाही पाहिलं? कमी व्होल्टेजवर पंप चालवला की वाइंडिंग जळतं हे आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. कॉम्प्युटर म्हटलं की आपण तेच ज्ञान बांधावर ठेवून येतो.

तर एसएमपीएसचं लेबल. पुठ्ठ्याच्या खोक्यावरचं नाही, एसएमपीएसच्या अंगावरचं. त्यात 'इनपुट' ही ओळ शोध. तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं पाहिजे. २००-२४० लिहिलं असेल तर खाली ठेव. शहरात तोही चालतो, नावाजलेल्या कंपन्यांची स्वस्त मॉडेलंही २००-२४० ची असतात, म्हणून नाव पाहून भुलू नको, ओळ वाच. आमच्याकडे मी मल्टिमीटर लावून रात्री १६० पाहिलेले आहेत.

यामागचं गणित एकदा समजून घे, मग कोणी दुकानदार फसवणार नाही. साध्या एसएमपीएसमध्ये आतला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टवर सुमारे ३२५ पर्यंत भरतो, १६० वर जेमतेम २२५ पर्यंत. साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती निम्म्याहून कमी. डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन गेली-आली तरी ती झळ सोसायला आत काही उरतच नाही. वर, तेवढीच वीज कमी व्होल्टेजवर ओढायची म्हणजे करंट जास्त, तापणं जास्त. ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असलेला चांगला एसएमपीएस आत आलेलं व्होल्टेज आधी ३८० च्या आसपास चढवून घेतो, मग बाहेर १६० असो की २४०, पुढच्या सर्किटला फरक कळत नाही. पण पीएफसी असूनही लेबलवर २०० पासूनचा आकडा असू शकतो. म्हणून पुन्हा सांगतो: इनपुटची ओळ.

त्याच लेबलवर दुसरा आकडा पाहायचा १२ व्होल्टखालचे ॲम्पिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच खातात. माझ्या त्या '४५० वॅट'वर १८ ॲम्पिअर होते. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. बाकीचे वॅट नुसते छापलेले. माझं कार्ड १३२ चं, प्रोसेसर जोरात चालला की ७६ चा. बेरीज २०८, आणि पंखे, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत. खऱ्या ५५० वॅटवाल्यावर १२ व्होल्टखाली चाळीसच्या वर ॲम्पिअर दिसतात. आणि '८० प्लस'चा शिक्का म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच. त्याला मजबुतीचं प्रमाणपत्र समजू नको.

तिसरी गोष्ट, कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर एसएमपीएसमधूनच निघालेली पाहिजे. माझ्यात ती नव्हती, तेव्हा दुकानदाराने जुन्या चार पिनांना जोडायचा एक कन्व्हर्टर दिला, फुकट. फुकट मिळालेली ती दुसरी गोष्ट. आठ पिनांवरून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. त्या पातळ वायरीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं मी नंतर पाहिलं.

बजेटच्या दहा रुपयांतला एक एसएमपीएसचा. पन्नास हजारांत पाच. त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यात बाकी सगळं बसव.

आता ग्राफिक्स कार्ड. १०८० वर, म्हणजे फुल एचडी स्क्रीनवर, खेळायचं असेल तर ८ जीबीवालं घे. आरएक्स ६६०० हे माझं आवडतं, एकच आठ पिनांची वायर आणि १३२ वॅट. बजेट आणखी खाली असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल, ते ७० वॅटचं. बोर्डावरच्या स्लॉटमधून ७५ मिळतातच, त्यामुळे त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल. ते बोर्डाशी चारच लेनने (वाटांनी) जोडलं जातं आणि जुन्या, थर्ड जनरेशन पीसीआयई स्लॉटच्या बोर्डावर मार खातं, नको. सेकंडहँडचा मोह होईलच. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र घासलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नको. एसएमपीएस मात्र सेकंडहँड कधीच नाही. कोणाच्या मामाचा असला तरी नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० किंवा आय ३ १२१००एफ. पहिल्याला सहा कोअर, दुसऱ्याला चार. दोघांनाही स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीन काळी. आमच्याकडून सर्व्हिस सेंटर म्हणजे नागपूर, लालपरीने जाऊन-येऊन आख्खा दिवस. हे ज्याला झेपत नाही, किंवा कार्ड पुढच्या कापसावर घ्यायचं आहे, त्याने ५६००जी घ्यावा. त्यातल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट आरामात चालतं. मोठ्या गेम नाही, पण दिवस निघतात. आणि हो, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी लागतात, तेव्हा कोणी जुन्या झिऑनचा (सर्व्हरच्या प्रोसेसरचा) 'सोळा कोअर, पंधरा हजारात' सेट दाखवला तर हसून निघून ये.

रायझनसाठी मदरबोर्ड बी५५०, नाहीतर बी४५०. बी४५० घेतलास तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५००० सिरीजसाठी अपडेट करूनच दे, असं दुकानातच सांग. घरी आल्यावर तुझ्याकडे जुना प्रोसेसर नसतो. रॅम ८-८ च्या दोन काड्या, १६ ची एक नको, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालते. रॅमचे भाव पाहून धक्का बसेल, तो सोस. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी), जमल्यास १ टीबी. जीटीए फाइव्ह एकटाच शंभर जीबीच्या पुढे जातो आणि तो डाउनलोड करायला अमरावतीच्या हॉस्टेलवरच्या मित्राचा पाय धरावा लागतो, पुसून पुन्हा उतरवणं परवडत नाही.

कॅबिनेट निवडताना दिवे पाहू नको, जाळी पाह्य. पुढून काच असलेलं कॅबिनेट आपल्या उन्हाळ्यासाठी नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ पारा गेला होता, आणि टिनाखालच्या खोलीचं तर विचारूच नको. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी आतलं कार्डही जास्त तापतं. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. पुढे काढता येणारी गाळणी. कापूस घरात भरला असेल तर ती दर आठवड्याला काढायची. भाव वाढायची वाट पाहत आमच्या पुढच्या खोलीत फेब्रुवारीपर्यंत कापूस होता, आणि गाळणीवर त्याची पातळ गोधडी जमायची. खिडकीतल्या कूलरच्या वाऱ्यासमोर पीसी ठेवायचा नाही. गार वाटतं खरं, पण ओल असते आणि कूलर कधी कधी थेंब फेकतो. (प्रोसेसरवरच्या पंख्यालाही कूलरच म्हणतात. आजीने विचारलं होतं, "याच्यात पाणी कुठून टाकतात?") कूलरची मोटार आणि पीसी एका बोर्डावरही नको, ती सुरू-बंद होताना झटका देते.

यूपीएस. हा 'नंतर घेऊ' म्हणून राहून जातो, तेव्हा यादीत आत्ताच लिही. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा, कार्ड आणि मॉनिटर धरून जेमतेम पुरतो. १००० चा बरा. त्यात एव्हीआर असतं, कमी व्होल्टेज तो थोडं उचलून देतो. पण म्हणून एसएमपीएस २००-२४० चा चालेल असं मनात आणू नको! यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. एसएमपीएसचं लेबल बदलत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर कर, आणि तो साइन वेव्हचा आहे का ते पाह्य. स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस गुरगुरतात, काही बंदच पडतात.

अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना? घरात अर्थिंग नाही, म्हणून. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर थोडी वीज बॉडीवर सोडतात, ती अर्थच्या वायरीने जमिनीत जायची असते. वायर नसेल तर ती तुझी वाट पाहते. तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थ आहे असं नाही, आमच्या सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच होतं. वायरमनला बोलावून मीठ-कोळसा घालून खड्डा करून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. जूनमध्ये ढग गरजले की प्लग उपटून ठेव. स्विच बंद करणं पुरत नाही. इंटरनेटची वायर बाहेरून आली असेल तर तीही.

खरेदी. नागपूरच्या सीताबर्डीत हिंडून भाव काढ, ऑनलाइनशी ताडून पाह्य. पक्कं बिल घे, १८ टक्के जीएसटी वाचवतो म्हणणाऱ्याला वॉरंटीच्या वेळी तू आठवत नाहीस. खोक्यावरचा आणि मालावरचा सिरियल नंबर बिलावर. पैसे द्यायच्या आधी एसएमपीएस खोक्यातून बाहेर काढून इनपुटची ओळ माझ्यासमोर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, मोठ्याने वाच. मागच्या आठवड्यात मामाच्या पोराने वाचली: "दोनशे ते..." मी म्हटलं, ठेव खाली. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

जोडणी काही अवघड नाही, व्हिडिओ पाहून होते. पाय जमिनीवर, आधी कॅबिनेटच्या धातूला हात, मग भाग. प्रोसेसरचा सोन्याचा त्रिकोण जुळव, दाबू नको. थर्मल पेस्ट मुगाएवढी. मदरबोर्डाखाली बसणारे उंच स्क्रू मोजून लाव. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वायर विसरली तर पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. विंडोज ११ टाक, १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. पहिल्या रात्री नऊनंतर, पंप चालू असताना, तासभर जड गेम चालवून पाह्य. दिवसा केलेल्या टेस्टला अर्थ नाही.

आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, खाली कार्डाला लाव. कीबोर्ड-माऊस तुझे तू पाह्य.