नदीचा ऑक्सिजन दुपारी मोजताय? या चुका टाळा

मासे मेल्याचं कळलं की दुपारी निवांत जायचं, मीटर बुडवायचा, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला ६ मिलिग्रॅम आला की पाणी ठीक आहे म्हणून परत यायचं, ही सगळ्यात मोठी चूक आणि मी पण ती केलीय. पंचगंगेवर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं, त्यात सांडपाणी मिसळलं की शेवाळ वाढतं, दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तेच शेवाळ आणि घाण खाणारे बॅक्टेरिया मिळून तो संपवतात. म्हणजे सगळ्यात कमी डीओ उजाडायच्या आधी असतो, मासा तेव्हाच गुदमरतो.

एकदा आम्ही पहाटे साडेपाचला गेलो, चिलापी मासे काठाला येऊन तोंड वर काढून आ वासत होते, विंकलरच्या (केमिकल टाकून ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीच्या) बाटलीत दोन्ही केमिकल टाकली तर तपकिरी साका यायच्या ऐवजी पांढरा खाली बसला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच. माशांसाठी केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आहे.

विंकलरची बाटली हळू भरा, वरून पाणी वाहू द्या, बूच लावल्यावर उलटी करून बघा, एक जरी बुडबुडा राहिला तरी ती ओतून परत भरा. आणि केमिकल काठावरच टाका, घरी किंवा लॅबला नेऊन नाही, वाटेत ऑक्सिजन बदलतो. टायट्रेशन (थेंब थेंब केमिकल टाकून शेवटचं मोजमाप) मग काही तासांनी केलं तरी चालतं.

बीओडीचं (घाण कुजवताना बॅक्टेरिया किती ऑक्सिजन खातात त्या मापाचं) सॅम्पल गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बर्फात ठेवा. तपासताना लॅबमध्ये ते आपल्याकडे २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, बाहेरच्या पुस्तकात २० अंशाला ५ दिवस असतं, हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आरओवाल्याचा टीडीएस मीटर क्षार सांगतो, सांडपाणी नाही. त्याच्यावर नदी चांगली का वाईट ठरवू नका, प्लीज.

अमोनिया मोजला आणि पीएच मोजलाच नाही, असंही खूप जण करतात. पीएच ७ चा ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी घ्या, पीएच मीटर निघायच्या आधी बफरवर (पीएच माहीत असलेल्या द्रावणावर) लावून घ्या.

अजून एक, "मासे दिसतायत की" हे ऐकून फसू नका. मांगूर वर येऊन हवा घेतो, चिलापी पण चिवट. त्यापेक्षा वाहत्या पाण्यातला दगड उलटा करा. खाली शेपटीला तीन दोरे असलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं चिकटलेली असली तर जरा बरं वाटतं, नुसत्या गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्याच असल्या तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत बाटली घेऊन या.