आडनाव एक, मग मूळ पुरुषही एकच का? डीएनए चाचणीने कसं तपासावं

बडोद्यात कुणी शिंदे भेटले की चहा येईपर्यंत ग्वाल्हेर निघतं. पवार असतील तर धार किंवा देवास, आणि गायकवाड असतील तर विचारायलाच नको, थेट दावडी (गायकवाडांचं मूळ गाव) आणि पिलाजीराव. यातले काही दावे खरे असतीलही. वाय गुणसूत्राच्या चाचणीने असा दावा तपासता येतो. मात्र चाचणी विकणारे सांगतात तेवढं सोपं ते नाही आणि क्रम चुकला तर पैसे जातात, हाती फक्त रंगीत नकाशा येतो.

आधी प्रश्न लहान करा

‘आमचं कुळ कुठलं?’ या प्रश्नाला कुठलीही प्रयोगशाळा उत्तर देऊ शकत नाही. ‘बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातले आम्ही शिंदे आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी राहिलेले शिंदे, यांचा मूळ पुरुष एक आहे का?’ याला देऊ शकते. दोन घरं, दोन्हीकडे हयात पुरुष आणि एकच प्रश्न. हे वाक्य कागदावर लिहून काढा. लिहिता येत नसेल तर चाचणीची वेळ अजून आलेली नाही.

आपलं आडनाव कुठल्या प्रकारचं आहे, हेही याच वेळी बघा. फडणीस, चिटणीस, मुजुमदार, पोतनीस, कुलकर्णी, देशपांडे ही हुद्द्याची आडनावं. हुद्दा ज्याच्याकडे आला त्याला ते लागलं. गावोगावच्या कुलकर्ण्यांचा पूर्वज एक असण्याचं काही कारणच नाही. गावावरून पडलेल्या ‘कर’ आडनावांचंही तेच. त्या गावातून बाहेर पडलेला कुणीही, कुठल्याही जातीचा, तेच आडनाव लावू शकत होता. शिंदे, जाधव, मोरे, पवार, गायकवाड तर मराठा, धनगर, महार, कोळी अशा कितीतरी समाजांत आहेत.

ब्रिटनमध्ये यावर रीतसर अभ्यास झाले. २००० साली ब्रायन सायक्स या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची वाय चाचणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा वाय जुळला. पुढे २००९ मध्ये किंग आणि जॉब्लिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडनाव जितकं दुर्मिळ, तितका वाय जुळण्याचा संभव जास्त. स्मिथसारख्या सरसकट आडनावात तर रस्त्यावरचे कुठलेही दोन पुरुष घ्यावेत तशी गत. आपल्याकडे पाटील घेऊन बसलात तर हाच अनुभव येणार. एखाद्याच गावात सापडणारं विचित्र आडनाव असेल, तर तुम्ही नशीबवान.

माणसं कोणती निवडायची

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं आणि आपल्याकडे आडनावही त्याच वाटेने येतं, म्हणून ते कामाचं. मामा, मावसभाऊ, आतेभाऊ यांचा इथे काही उपयोग नाही, कितीही सख्य असलं तरी. बायकांमध्ये वाय नसतो. तुमच्या घरात हा उद्योग एखाद्या ताईने किंवा आत्याने हाती घेतला असेल (बहुतेक वेळा त्याच घेतात), तर त्यांनी वडील, भाऊ, चुलते किंवा भाचा (बहिणीचा नव्हे, भावाचा मुलगा) यांच्याकडून नमुना घ्यावा.

भाऊबंद नेमके कोण, हे ठरवायला घरातच एक जुनं माप आहे: सुतक. कुणी गेलं की ज्यांना दहा दिवसांचं सुतक लागतं, त्या घरांतले पुरुष. पुरुषवंशाची ही यादी आजीला तोंडपाठ असते, तिच्याकडून ती आजच लिहून घ्या. यादीतला सगळ्यात लांबचा माणूस आधी निवडा. सख्ख्या चुलतभावाची चाचणी करून आजोबा एकच होते एवढंच कळेल, आणि ते तुम्हाला माहीतच आहे.

दोन माणसं पुरत नाहीत, तीन हवीत. समजा बडोद्याचा आणि गावचा वाय जुळला नाही. आता साखळी कुठे तुटली, बडोद्याच्या बाजूला की गावच्या? दोघांकडून ते कळत नाही. गावच्याच दुसऱ्या शाखेतला तिसरा माणूस गावच्या पहिल्याशी जुळला, तर तुटलं ते बहुधा बडोद्याकडे.

साखळी तुटणं म्हणजे लगेच भलतंसलतं मनात आणू नका. आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण दत्तक. संस्थानी गावात तर फारच. सयाजीराव महाराज स्वतः १८७५ मध्ये दत्तक आले, पण ते गायकवाडांच्याच कवळाण्याच्या शाखेतून. भाऊबंदांतून असं दत्तक घेतलं की वाय सहसा तोच राहतो. वंशावळीत बाप बदलतो, गुणसूत्रात मूळ पुरुष बदलत नाही. मुलीचा मुलगा दत्तक घेतला, घरजावयाने सासऱ्याचं आडनाव लावलं किंवा आईने माहेरी वाढवलेल्या मुलाला माहेरचं आडनाव लागलं, तर मात्र आडनाव तेच राहून वाय दुसरा येतो. त्यामुळे ‘दत्तक कुठून आले होते?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

कागद आधी, गाल नंतर

ज्या वंशावळीशी ताडून बघायचं ती हाताशी नसेल तर चाचणीचे आकडे मुके राहतात. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतली जातात. तिथून सुरुवात करा. एका गोष्टीला जपा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रीतीमुळे गणपत बाबुराव, बाबुराव गणपत, पुन्हा गणपत बाबुराव अशी रांग लागते आणि लिहिणारा दोन गणपतरावांना एक समजून मधल्या दोन पिढ्या गाळतो. दोन पिढ्यांमध्ये सरासरी २८ ते ३० वर्षांचं अंतर धरून पाहा. १७३४ साली बडोदे गायकवाडांकडे आलं, त्या सुमारास तुमचा पूर्वज इथे आला असेल तर आजपर्यंत दहाएक पिढ्या व्हायला हव्यात. तुमच्या वंशावळीत सहाच असतील तर काहीतरी गळलंय.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा दुसरा खजिना. तिथे जाताना मूळ गावाचं नाव पक्कं हवं; ‘आम्ही बडोद्याचे’ एवढ्यावर वही सहज सापडत नाही. इनाम, वर्षासन किंवा सरंजाम होता असं घरात ऐकलं असेल, तर जुनी दफ्तरं पाहा: बडोदा संस्थानचे कागद बडोद्याच्याच सरकारी अभिलेखागारात आणि पेशव्यांचे पुण्यात. इनामाच्या कज्ज्यांत हक्क सिद्ध करायला वंशावळ जोडत, तिची विश्वासार्हता घरगुती आठवणींपेक्षा बरी. अर्थात हक्क मिळवायलाच ती लिहिलेली असते, हेही लक्षात असू द्या. बराचसा मजकूर मोडीत असेल. मोडी वाचणारा माणूस आधी गाठा.

चाचणी कोणती

भारतात सहज मिळणाऱ्या बहुतेक ‘वंशमूळ’ चाचण्या ऑटोसोमल, म्हणजे आई-वडील दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या गुणसूत्रांच्या असतात. त्या इतके टक्के दक्षिण आशियाई, तितके टक्के आणखी काही असं सांगतात. आडनावाच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. ऑटोसोमल डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो. चौथ्या पिढीच्या पुढचे चुलतभाऊ अनेकदा त्यात दिसतच नाहीत. आपल्याकडे दुसरीही अडचण आहे. शतकानुशतकं जातीतच लग्नं आणि त्यात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत, म्हणून दूरचे लोकही निकालात जवळचे भासतात. ‘दुसरा चुलतभाऊ’ (सेकंड कझिन) असा शेरा आला तरी हुरळून जाऊ नका.

तुम्हाला वाय-एसटीआर चाचणी हवी, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक जागा (खुणा) मोजून दोन पुरुषांची तुलना करणारी. अमेरिकेतली फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी ३७ आणि १११ खुणांच्या वाय चाचण्या करते, शिवाय बिग वाय ७०० नावाची बरीच महाग सविस्तर चाचणी; आडनावांचे गट चालवायची सोयही तिच्याकडे आहे. माझं मत: तिघांची ३७ खुणांची चाचणी आधी. ती जुळली तरच बिग वायचा खर्च, तोही दोघांचाच. पैसे भरण्याआधी कंपनी सध्या भारतातून नमुना घेते का, कुरिअरला कोणते कागद लागतात, हे लेखी विचारून घ्या. तिथल्या आयत्या यादीत तुमचे भाऊबंद सापडतील ही आशा सोडा. भारतीय नावं तिथे फार थोडी आहेत. तुमची माणसं तुम्हालाच आणायची आहेत.

संमती

हा भाग लोक उरकून टाकतात. नमुना देणाऱ्याला बसवून स्पष्ट सांगा: ‘काका, यातून कदाचित असंही निघेल की आपलं रक्ताचं नातं नाही. तसं निघालं तर तुम्हाला सांगायचं की नाही?’ त्यांचं उत्तर लिहून, सही घेऊन ठेवा. निकाल कोण बघणार, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा का, हेही आधीच ठरवा. (माझं विचाराल तर, कधीच टाकू नये.) माहिती कंपनीकडे राहते, हेही त्यांना सांगायला हवं. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुन्याच्या डबीवर पूर्ण नावाऐवजी खूण चालत असेल तर खूणच वापरा.

प्रत्यक्ष नमुना देणं अगदी सोपं. अर्धा-एक तास आधी खाणं, पान, तंबाखू बंद. गालाच्या आतून बोळा सांगितल्याप्रमाणे फिरवायचा, डबीत घालायचा. तीन माणसांचे नमुने एकाच टेबलावर एकाच वेळी घेऊ नका, डब्या बदलतात.

निकाल कसा वाचायचा

निकालात ३७ खुणांपुढे आकडे असतात: डीवायएस ३९३ समोर १३, डीवायएस ३९० समोर २४, असे. त्या जागी डीएनएचा एक छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ आला, ती ही संख्या. दोघांच्या रांगा शेजारी ठेवा आणि कुठे फरक आहे ते मोजा. एका खुणेत बदल होण्याचा सरासरी दर पिढीमागे साधारण २५० त एक. मूळ पुरुष दहा पिढ्यांमागे असेल तर दोन्ही बाजू मिळून वीस वेळा गुणसूत्र बापाकडून मुलाकडे गेलं. ३७ खुणा गुणिले २० भागिले २५०, म्हणजे तीनेक फरक अपेक्षित. पाचपर्यंत फरक असले तर नातं शक्य आहे, शून्य किंवा एक असेल तर उत्तमच. पंधरा-वीस निघाले तर आडनावाच्या काळात नातं नाही, विषय संपला.

सगळ्या खुणा सारख्या नसतात. डीवायएस ५७६, ५७० आणि सीडीवाय भराभर बदलतात, ३९३ फार सावकाश. सीडीवायमधला एक फरक सोडून देता येतो. ३९३ मधल्या फरकावर मात्र थांबून विचार करावा. बिग वाय केली असेल तर ती साधारण ८३ वर्षांमागे एक बदल धरून काळ मोजते, पण उत्तर शतकाच्या पुढेमागे राहणारच. ‘१७४० साली फुटलेली शाखा’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला हसून चहा पाजावा.

आकड्यांसोबत हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या पुरुषवंशाचा मोठा गट येतो: आर१ए, एच, एल, जे२ असा. एकाचा आर१ए आणि दुसऱ्याचा एच असेल तर दोघांच्या पुरुषवंशाची फारकत हजारो वर्षांपूर्वीच झालेली, बाकी आकडे बघायची गरज नाही. मात्र याच अक्षरांवरून कुणी ‘आपण अस्सल शहाण्णव कुळी’ किंवा ‘आपण मूळचे राजपूत’ असं काढायला लागलं तर तिथेच अडवा. हे सगळे गट महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये सापडतात. त्यावरून जात, कुळ, देवक यातलं काहीही ठरत नाही. आणि तुमचा वाय दुसऱ्या समाजातल्या सारख्याच आडनावाच्या माणसाशी जुळला, तर तोही भाऊबंदच, कुणाला आवडो न आवडो.

निकाल आल्यावर वंशावळीवर शाईने लगेच काही खोडू नका. जुळलेल्या दोन शाखांमध्ये ‘वाय जुळला, ३७ पैकी ३५’ आणि तारीख अशी टीप लिहा. न जुळलेल्या शाखेपुढे ‘तपासणी बाकी’ एवढंच, तिसऱ्या माणसाचा निकाल येईपर्यंत. कंपनीच्या खात्यातून मूळ आकड्यांची फाइल उतरवून घ्या, एक प्रत स्वतःकडे, एक नमुना देणाऱ्याकडे. खात्याचा पासवर्ड घरातल्या एका तरुण माणसाला देऊन ठेवा, कारण तिसरा नमुना देणारा भाऊबंद कधीकधी दहा वर्षांनी तयार होतो.