कोयना-वारणेच्या जुन्या नोंदींवरून मोठ्या भूकंपाची शक्यता कशी काढावी

कोल्हापुरात मध्यरात्री मांडणीवरची भांडी खणखणली, की सकाळी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आता याहून मोठा होणार का? अमुक तारखेला अमुक ठिकाणी भूकंप होईल, असे खात्रीने सांगणारी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही. मात्र एखाद्या प्रदेशात, ठरावीक मुदतीत, ठरावीक आकारापेक्षा मोठा भूकंप होण्याची शक्यता किती, हे जुन्या नोंदींवरून काढता येते आणि त्यासाठी संगणकावरचा साधा तक्ता पुरतो.

प्रथम प्रदेश ठरवावा. आपल्या उत्तरेला कोयना आणि वारणा खोऱ्यांतील जेमतेम २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात १९६० च्या दशकापासून सतत धक्के बसत आहेत. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीतून प्रत्येक धक्क्याची तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि मॅग्निट्यूड (बातम्यांत ज्याला रिश्टर म्हणतात ते) वेगवेगळ्या स्तंभांत उतरवून घ्यावे.

पुढचे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच आहे: यादी तपासणे. भूकंपमापकांची संख्या वाढली, की पूर्वी निसटणारे बारीक धक्केही नोंदले जातात आणि प्रत्यक्षात काहीही बदललेले नसताना आलेख चढलेला दिसतो. म्हणून ज्या आकाराच्या वरचे सगळे धक्के निवडलेल्या संपूर्ण काळात नोंदले गेले असावेत, तो आकार शोधून त्याखालच्या नोंदी बाजूला काढाव्यात. धक्क्यांची तासवार मोजणीही करावी, कारण जमिनीतल्या धक्क्यांना दिवस-रात्र नसते. बारीक धक्के भर दुपारीच जास्त दिसत असतील, तर त्यांत दगडखाणींतले सुरुंग मिसळले असण्याची शंका घ्यावी.

आता लहान आणि मोठ्या धक्क्यांचे प्रमाण काढावे. गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांच्या नियमानुसार मॅग्निट्यूड एकाने वाढले, की भूकंपांची संख्या साधारणपणे दहापट घटते. ही घट किती तीव्र आहे हे सांगणाऱ्या आकड्याला बी-मूल्य म्हणतात. समजा, यादी ३.० पासून पूर्ण आहे, नोंदी एका दशांश स्थळापर्यंत आहेत आणि त्यांची सरासरी ३.४ येते. मग ०.४३४३ या ठरलेल्या संख्येला ३.४ वजा २.९५ (३.० मधून ०.१ च्या पायरीचा निम्मा भाग वजा करून), म्हणजे ०.४५ ने भागावे. बी-मूल्य सुमारे ०.९७ येते. कोयना परिसरात १९६७ नंतरच्या सुमारे ५० वर्षांत ४ वा त्याहून मोठे सुमारे २००, तर ५ वा त्याहून मोठे २० हून अधिक भूकंप झाले. येथेही दहास एक हेच प्रमाण दिसते.

म्हणजे ५ वा त्याहून मोठ्या भूकंपांचा वार्षिक दर सुमारे ०.४ झाला. 'ई' या संख्येचा (सुमारे २.७१८) वजा ०.४ हा घात काढून तो १ मधून वजा केला, की वर्षभरात असा किमान एक भूकंप होण्याची शक्यता ०.३३, म्हणजे सुमारे ३३ टक्के मिळते. हा आकडा लगेच कोणाला सांगू नये. या गणितात प्रत्येक भूकंप स्वतंत्र मानलेला असतो. प्रत्यक्षात मोठ्या धक्क्यामागून पश्चातधक्क्यांची रांग लागते आणि ती वगळल्याखेरीज दर फुगलेलाच राहतो. त्याच प्रमाणाने ६ च्या वर ५० वर्षांत दोन भूकंप अपेक्षित होते. झाला एकच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, ज्यात कोयनानगर उद्ध्वस्त झाले. इतक्या लहान संख्यांत एक आणि दोन यांतला फरक काही सिद्ध करत नाही. हीच रेषा ७ किंवा ८ पर्यंत ताणणे तर चूकच, कारण तेवढ्या भूकंपाला लांबलचक भ्रंश (खडक जिच्यावरून सरकतात ती भेग) लागतो.

पूर्वधक्क्यांचा, म्हणजे मोठ्या भूकंपाआधी बसणाऱ्या धक्क्यांवरून भाकीत करण्याचा, मोह सर्वांत मोठा असतो. कोयनेला १९६७ च्या सप्टेंबरातच मोठा धक्का बसला होता. किल्लारीची जमीन ऑक्टोबर १९९२ मध्ये हादरली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे गेली. चीनमधील हायचेंग शहर १९७५ मध्ये पूर्वधक्क्यांमुळे वेळीच रिकामे झाले. पण पुढच्याच वर्षी तांगशानला अशी ठळक सूचना न मिळता सुमारे २,४२,००० जण मृत्युमुखी पडले. कॅलिफोर्नियाच्या अनुभवावरून एखाद्या धक्क्यानंतर आठवडाभरात त्याहून मोठा धक्का बसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. म्हणून धक्का बसल्यावर अंदाज थोडा वाढवावा आणि दिवस जातील तसा उतरवावा.

आपल्याकडे आणखी एक स्तंभ जोडावा लागतो, तो धरणांच्या पाणीपातळीचा. पावसाळ्यात जलाशय भरतो, खडकांच्या भेगांत पाण्याचा दाब पोहोचतो आणि त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात. पातळी किती भराभर चढली आणि पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेली का, या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात.

शेवटी पद्धतीची परीक्षा घ्यावी. १९८५ पर्यंतच्याच नोंदी वापरून भूकंप कुठे अपेक्षित आहेत याचा नकाशा तयार करावा आणि नंतरचे भूकंप त्यावर मांडावेत. त्याच सुमारास वारणेचे धरण भरू लागले, पुढे धक्के दक्षिणेकडे सरकले आणि १९९३ मध्ये वारणेच्या बाजूला ५ च्या आसपासचे भूकंप झाले. फक्त कोयनेच्या जुन्या धक्क्यांवर काढलेला नकाशा तिथे चुकतो आणि ही चूक स्वतःच्या हाताने काढून पाहिल्याखेरीज तिचे वजन कळत नाही. किती भूकंप हुकले आणि किती इशारे फुकट गेले, दोन्ही मोजावेत. मगच पुढच्या वर्षाचा अंदाज ठिकाण, मुदत, आकार आणि टक्केवारी यांसह तारीख घालून लिहावा आणि मुदत संपेपर्यंत त्यातला एकही आकडा बदलू नये.