लाल अंबाडी: परसबागेतील लागवड आणि निगा

अंबाडी भाजीसाठी हवी की सरबताच्या लाल बोंडांसाठी, हे बी टाकण्यापूर्वीच ठरवावे. भाजीसाठी वाफ्यात दाट पेरून रोपे वीत-दीड वीत झाली की उपटून घेतली तरी चालते. बोंडांसाठी मात्र प्रत्येक झाडाला दोन ते तीन फूट मोकळी जागा आणि दिवसभराचे ऊन द्यावे लागते, कारण भेंडीच्या कुळातले हे झाड पाच-सहा फूट उंच होते आणि बुंध्यापासून फांद्या फुटून चांगलेच पसरते.

बोंडे हवी असतील तर सर्वांत जास्त जपावी ती पेरणीची वेळ. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय अंबाडी फुलावर येत नाही, त्यामुळे जूनमध्ये पेरलेले झाड आणि ऑगस्टच्या अखेरीस पेरलेले झाड अशी दोन्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारासच फुलतात; पण पहिल्याला तोवर भरपूर फांद्या आलेल्या असतात, तर दुसरे जेमतेम वाढलेले असते आणि त्याला मोजकीच बोंडे धरतात. ही उणीव नंतर कितीही खत घातले तरी भरून निघत नाही. उलट नत्र जास्त झाले की नुसता पालाच माजतो. गच्चीवर रात्रभर दिवा जळत असेल तर कुंडी तिथून हलवावी, कारण त्या उजेडानेही फुलोरा लांबतो.

बी रात्रभर भिजवून बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टोकावे. झाड दीड फुटाचे झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या वाढतात, आणि खुडलेला शेंडा भाजीत जातो. पावसाळ्यात पाणी द्यावे लागत नाही, पण बुंध्याशी साचू देऊ नये. मूळकुजीने झाड बघता बघता माना टाकते. कोवळ्या शेंड्यांवर पांढरे पिठ्या ढेकूण दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावेत आणि मग निंबोळी तेल फवारावे.

फूल एकच दिवस टिकते. ते गळल्यावर खालचा लाल कोश, म्हणजेच सरबताचे लाल बोंड, फुगत जातो. दोन-तीन आठवड्यांनी तो भरलेला, रसरशीत आणि नखाने सहज मोडणारा असतानाच कात्रीने कापावा, कारण त्यापुढे तो चिवट होतो. देठाकडून सुरीने गोल काप देऊन आतले बियांचे हिरवे बोंड ढकलून काढावे व कोशाच्या लाल पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. बियाण्यासाठी चार-पाच बोंडे झाडावरच वाळू द्यावीत. ती फोडताना मात्र हातमोजे घालावेत, कारण त्यांची बारीक कुसळे बोटांत रुततात.