'दाखला मिळणेबाबत'मधलं इंग्रजी

मार्च महिना, द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम नुकतंच हाती घेतलं होतं. एका रात्री वीज गेली, जनरेटरही चालू होईना, आणि प्री-कूलिंगमधल्या मालाचं तापमान उतरायचं थांबलं. कंटेनर निम्मा भरला होता. सुपरवायझरनी लोडिंग थांबवलं. रॉटरडॅमच्या खरेदीदाराला लगेच कळवायचं म्हणून मी मेल टाकला: 'वुई स्टॉप्ड टू लोड द कंटेनर.' सकाळी त्याचं उत्तर हजर: छान, भरलेल्या कंटेनरचे फोटो पाठवा.

मला म्हणायचं होतं, भरणं थांबवलं. त्याने वाचलं, बाकीची कामं थांबवून कंटेनर भरायला घेतला. 'स्टॉप्ड लोडिंग' लिहिलं असतं तर एवढा घोळ झाला नसता. तो निस्तरायला पुढे दोन फोन आणि तीन मेल लागले. मला मात्र त्यातून एक गोष्ट कळली, आणि निफाड, कळवण, सिन्नरकडून मराठी माध्यमात शिकून नाशिकला नोकरीला येणाऱ्यांसाठी ती नीट मांडायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

इंग्रजीतले काळ आपल्याला येतात. शाळेत ते घोकून घेतलेले असतात. आपण अडखळतो ते क्रियापदाच्या पुढे काय येतं तिथे: 'ऑन' की 'विथ', 'टू' की नुसतं 'आयएनजी'.

आधी शब्दयोगींचं बघू. मराठीत 'बद्दल', 'शी', 'वर', 'ला' हे सगळं नामाच्या मागून येऊन चिकटतं, इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं. ही उलटापालट आपल्याला लवकर जमते. पण मराठीतला प्रत्यय इंग्रजीत जसाच्या तसा उतरवायची सवय सुटत नाही. दराबद्दल चर्चा केली, म्हणून आपण 'डिस्कस्ड अबाउट द रेट' लिहितो. 'डिस्कस'ला पुढे काहीच लागत नाही. नाशिकला पोहोचलो, म्हणून 'रीच्ड टू नाशिक'. तिथेही 'टू' नको. उलट 'बसची वाट पाहतो' म्हणताना 'वेट'च्या पुढे 'फॉर' हवाच, आणि 'माझं ऐक' म्हणताना 'लिसन'पुढे 'टू'. गणितात हुशार असलेली मुलगी 'गुड अ‍ॅट मॅथ्स' असते. एखाद्याशी लग्न झालं तर 'मॅरीड टू'. साहेब माझ्यावर चिडले तर 'अँग्री विथ मी'. 'मला समजावून सांगा' हे 'एक्स्प्लेन मी' होत नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी' होतं. 'वर अवलंबून' आणि 'डिपेंड ऑन' अशी सरळ जुळणारी जोडीही सापडते, पण तिच्या भरवशावर राहू नये. यामागचं कारण शोधण्यात मी बरेच दिवस घालवले. आता क्रियापद आणि त्याचा शब्दयोगी हा एकच शब्द समजून मी पाठ करते.

'आयएनजी'चं मात्र तसं नाही. तिथे आपलं मराठीच मदतीला येतं.

तहसील कचेरीत दिलेला कोणताही अर्ज आठवा. विषय: 'उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत.' आपण 'मिळबाबत' असं कधी लिहू का? 'बाबत' जोडायचं तर 'मिळ' या धातूचं आधी 'मिळणे' असं नाम करावं लागतं. बोलताना आपण त्याचंही सामान्यरूप करतो: मिळण्याबाबत, करण्याऐवजी, जाण्यापूर्वी, येण्यापासून. शब्दयोगीला कच्चं क्रियापद चालत नाही, त्याला नामच लागतं. इंग्रजीचा नियम अगदी हाच आहे. 'अबाउट', 'इन्स्टेड ऑफ', 'बिफोर', 'फ्रॉम' यांच्यापुढे क्रियापद आलं की त्याचं नाम करायचं, म्हणजे 'आयएनजी' लावायचं: अबाउट गेटिंग, इन्स्टेड ऑफ डुइंग, बिफोर गोइंग, फ्रॉम कमिंग. व्याकरणाच्या पुस्तकात याला जेरंड म्हणतात. हे नाव ऐकून मी कॉलेजात तो धडाच सोडून दिला होता. 'मिळणेबाबत'मध्ये तो रोज माझ्या हाताखालून जात होता, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'सक्सीडेड इन गेटिंग', 'इन्सिस्टेड ऑन चेकिंग'. यांत पाठ करायचा तो फक्त शब्दयोगी. 'आयएनजी' त्याच्यामागून आपोआप येतो.

खरी अडचण 'टू'ची. इंग्रजीत 'टू' दोन प्रकारचे आहेत. 'वाँट टू गो'मधला 'टू' क्रियापदाचाच भाग आहे, 'लूक फॉरवर्ड टू'मधला 'टू' शब्दयोगी आहे. दिसायला दोन्ही सारखेच. मी कित्येक मेलच्या शेवटी 'लूकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहीत होते. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला शेजारी बसवून एक युक्ती दाखवली. 'टू'च्या पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. 'लूकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बरोबर वाटतं ना? मग हा 'टू' शब्दयोगी आहे, तेव्हा 'हिअरिंग' लिही. 'आय वाँट टू युअर रिप्लाय' म्हणता येत नाही, म्हणून तिथे साधं क्रियापद. 'यूज्ड टू'लाही हीच कसोटी लावा. 'आय अ‍ॅम यूज्ड टू नाइट शिफ्ट' चालतं, म्हणून 'आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट', म्हणजे रात्रीच्या कामाची मला सवय आहे. 'अ‍ॅम' गाळून 'आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट' म्हटलं तर अर्थ होतो, पूर्वी करायचे, आता करत नाही. मुलाखतीत हा फरक महागात पडू शकतो, तेव्हा हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून जा.

आता मधे शब्दयोगी नसतो तेव्हाचं. माझ्या त्या कंटेनरच्या वाक्याकडे परत येऊ. मराठीत 'भरणं थांबवलं' आणि 'भरायला थांबलो' यांत आपण कधी गल्लत करत नाही. 'भरणं' म्हणजे 'लोडिंग', 'भरायला' म्हणजे 'टू लोड'. 'रिमेंबर'चंही तेच. फायटो सर्टिफिकेट (माल रोगकिडींपासून मुक्त असल्याचा दाखला) जोडायचं लक्षात ठेवा: 'रिमेंबर टू अटॅच'. जोडल्याचं मला आठवतं: 'आय रिमेंबर अटॅचिंग'. बोलणं टाळलं, 'अव्हॉइडेड टॉकिंग'. जायचं ठरवलं, 'डिसायडेड टू गो'. यायला नकार दिला, 'रिफ्यूज्ड टू कम'. आधी मनात मराठी वाक्य स्वच्छ म्हणा, 'णं' येतंय की 'यला-यचं' ते ऐका, मग लिहा. बऱ्याचदा वाट सापडते.

पण काही ठिकाणी हे मराठी फसवतं. 'मला पोहायला मजा येते' यात 'यला' आहे, तरी इंग्रजीत 'एंजॉय स्विमिंग'च. 'थांबायला माझी हरकत नाही' म्हणजे 'आय डोन्ट माइंड वेटिंग'. 'दर कमी करायला सुचवलं' म्हणजे 'सजेस्टेड रिड्यूसिंग द रेट'; 'सजेस्टेड टू रिड्यूस' मी अनुभवी माणसांच्या मेलमध्येही वाचलं आहे. हे तीन शब्द, आणि त्यांच्या जोडीला 'कन्सिडर', वेगळे लिहून ठेवा.

शंका आली की नेटवर वाक्य शोधण्याआधी लर्नर्स डिक्शनरी उघडा. साधा शब्दकोश अर्थ देऊन थांबतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी केलेला कोश क्रियापदापुढे काय येतं तेही दाखवतो. ऑक्सफर्डच्या अशा कोशाचे मूळ कर्ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि तो पहिल्यांदा १९४२ मध्ये तिथेच छापला गेला. आपण अडतो तिथेच त्यांचे विद्यार्थीही अडत असणार, असं तो कोश चाळताना मला सारखं वाटतं. 'सजेस्ट' काढलं की अर्थाबरोबर 'डुइंग समथिंग' असा साचा छापलेला दिसतो.

हंगाम संपला की मी सुट्टीच्या दिवशी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसायचे. १८४० सालचं ते वाचनालय, तिथे शांतता चांगली मिळते. सोबत शंभर पानी वही असायची. डाव्या पानावर त्या आठवड्यात स्वतः पाठवलेल्या मेलमधलं वाक्य, उजव्या पानावर कोशातला साचा आणि त्याखाली तेच वाक्य दुरुस्त करून. पुस्तकातली वाक्यं मी त्या वहीत घेतली नाहीत. पहिल्या पानावर डावीकडे लिहिलं होतं, 'वुई स्टॉप्ड टू लोड द कंटेनर.'