पाठीवर सॅक, सोबत दोघंच आणि पहिली स्कायडाइव्ह: प्लॅन कसा करायचा

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. ट्रिपमध्ये स्कायडाइव्ह करायची असेल तर ती शेवटच्या दिवसावर टाकू नका. आम्ही पहिल्यांदा तेच केलं होतं, म्हटलं आधी निवांत फिरून घेऊ आणि शेवटी उडी मारून घरी जाऊ, आणि नेमके त्या दिवशी सकाळपासून ढग खाली उतरलेले, चार तास खुर्चीत बसून आभाळाकडे बघत होतो, दुपारी सांगितलं की आज होणार नाही आणि आमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं. पैसे परत मिळाले, पण नवऱ्याने महिनाभर मनाची तयारी केली होती, त्याचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या ट्रिपला उडी तिसऱ्या दिवशी ठेवली आणि त्याच गावात अजून तीन रात्री मुक्काम धरला, तेव्हाही वाऱ्यामुळे एक दिवस गेलाच, पण चौथ्या दिवशी झाली. तर ट्रिपचा अख्खा प्लॅन उडीच्या भोवती लावायचा, उडी प्लॅनमध्ये कुठेतरी कोंबायची नाही.

बुकिंग सकाळच्या पहिल्या स्लॉटचं करा. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उसळायला लागते आणि वारा बेभरवशाचा होतो, सकाळी त्यामानाने शांत असतं. शिवाय सकाळी धुकं असलं तरी ते विरायला अख्खा दिवस हातात राहतो.

साइटसीइंगसाठी मी दोन याद्या करते, एक स्वच्छ दिवसाची आणि एक ढगाळ दिवसाची. डोंगरावरचे पॉइंट, किल्ले, समुद्रकिनारा पहिल्या यादीत, म्युझियम, जुनी देवळं-चर्चेस, बाजार दुसऱ्या यादीत. उडी रद्द झाली की हिरमुसून रूमवर बसण्यापेक्षा सरळ दुसरी यादी काढायची, दिवस वाया जात नाही. फक्त उडीच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांत तारखेची तिकिटं आधी काढून ठेवू नका, नाहीतर आभाळ मोकळं झालं की कशावर पाणी सोडायचं यावरून दोघांत वाद होणार. आणि दिवसाला दोनच मोठ्या जागा, तिसरी जमली तर जमली. सॅक पाठीवर घेऊन फिरताना माणूस वाटतं त्यापेक्षा लवकर थकतो.

उडीच्या आदल्या दिवशी मोठा ट्रेक नको, कारण उतरताना दोन्ही पाय समोर उचलून धरायचे असतात आणि पोटऱ्या-मांड्या भरून आलेल्या असतील तर तेवढंही जड जातं. स्कूबा डायव्हिंगही करणार असाल तर क्रम नीट बघा. पाण्याखाली असताना शरीरात नायट्रोजन साठतो, लगेच उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. एकदाच डाइव्ह केली असेल तरी विमानात बसण्याआधी किमान १२ तास आणि जास्त वेळा केल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. मी म्हणेन सरळ २४ तास धरा, किंवा उडी आधी आणि पाणी नंतर, म्हणजे प्रश्नच नाही.

सॅकचं थोडक्यात. दोघांसाठी ४० लिटरच्या आसपासच्या दोन सॅक पुरतात, जड सामान पाठीला चिकटून मधल्या भागात ठेवायचं आणि कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर येतो. औषधं, चार्जर, टूथपेस्ट, कुलूप एकेकच घ्या, दोघांना दोन कशाला. पण एक गोष्ट जोडप्यांनी जरूर करावी, दोघांचे कपडे दोन्ही सॅकमध्ये विभागून ठेवावेत, म्हणजे एक सॅक हरवली किंवा उशिरा पोचली तरी कोणीच अंगावरच्या कपड्यांवर राहत नाही. पैसे आणि कार्डंही तशीच विभागायची, पासपोर्टच्या कॉपी एकमेकांकडे ठेवायच्या. बूट मात्र आधी बघून घ्या, ट्रेकिंगच्या बुटांना लेस अडकवायला जे धातूचे हूक असतात ते बऱ्याच ठिकाणी उडीला चालत नाहीत कारण त्यात पॅराशूटची दोरी अडकू शकते, म्हणून साधे लेसचे स्पोर्ट्स शूज सोबत हवेत.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बारीक अक्षरं वाचा. साध्या पॉलिसीत स्कायडायव्हिंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. हे घरून निघायच्या आधीच करायचं.

आता कंपनी कशी निवडायची. टँडम म्हणजे तुम्ही दोघं एकत्र बांधलेले असा काही जणांचा समज असतो, तसं नाही, प्रत्येकाला एकेक इन्स्ट्रक्टर असतो, तुम्ही त्याच्या पुढ्यात बांधलेले असता आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. सांगितलंत तर तुम्हा दोघांना एकाच विमानात बसवतात, ते बुकिंगच्या वेळीच सांगा. फोनवर सरळ विचारा की इन्स्ट्रक्टरचं लायसन्स काय, किती उड्या झाल्यात. अमेरिकेतली पॅराशूट असोसिएशन टँडम इन्स्ट्रक्टरसाठी किमान ५०० उड्या आणि ३ वर्षांचा अनुभव मागते, एवढा आकडा डोक्यात ठेवला तरी अंदाज येतो. मुख्य पॅराशूटसोबत रिझर्व्ह पॅराशूट असतं, आणि ठरावीक उंचीच्या खालीही वेग कमी झाला नसेल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं एक छोटं यंत्र असतं, ते आहे ना हेही विचारा. उत्तर द्यायला कुणी कंटाळा करत असेल तर तिथे जाऊ नका. वजनाची मर्यादा, बऱ्याच ठिकाणी १०० किलोच्या आसपास, आणि वयाची अट आधीच विचारून घ्या. हृदयाचा त्रास, बीपी, मणक्याचं दुखणं, फिट येणं, प्रेग्नन्सी यातलं काहीही असेल तर लपवू नका, डॉक्टरांना आधी विचारा. आणि साधी सर्दी असली तरी उडी पुढे ढकला, उतरताना हवेचा दाब भराभर बदलतो, नाक चोंदलेलं असेल तर कान आणि कपाळ भयंकर दुखतं.

उंची किती घ्यायची? १०,००० फुटांवरून साधारण ३० सेकंद फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं मोकळं पडणं, मिळतो, १३,००० वरून ४५ ते ५०, १५,००० वरून जवळपास १ मिनिट. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी मधली घ्या, सगळ्यात उंच घेतली नाही म्हणून काही हुकत नाही. वर थंडी मात्र असते, १३,००० फुटांवर जमिनीपेक्षा साधारण २५ अंश कमी, म्हणून खाली गरम होत असलं तरी पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. केस घट्ट वेणीत, दागिने काढून ठेवलेले, खिसे रिकामे. चष्मा असेल तर त्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात, आधी मागून ठेवा. आदल्या रात्री दारू नको, सकाळी हलकं खा, पण उपाशीपोटी जाऊ नका, उपाशी माणसाला जास्त मळमळतं.

पोचलात की फॉर्म, वजन, मग अर्ध्या तासाच्या आतबाहेरचं ट्रेनिंग. ते नीट ऐका, लक्षात ठेवायचं फार नसतं. विमान वर जायला १५-२० मिनिटं लागतात आणि खरी भीती तिथेच वाटते, उडीत नाही. इन्स्ट्रक्टर तुमच्या अंगावरच्या पट्ट्यांचा हार्नेस स्वतःच्या हार्नेसला चार जागी जोडतो, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी, आणि पट्टे इतके आवळतो की श्वास अडकल्यासारखा होतो, ते तसंच असायला हवं. दारात आलात की डोकं मागे त्याच्या खांद्यावर, हात छातीवरच्या पट्ट्यांना, पाय मागे दुमडलेले, शरीराची कमान. खांद्यावर थाप मारली की हात पसरायचे. पाळण्यात पोटात जो गोळा येतो तसा इथे फारसा येत नाही, कारण विमान आधीच वेगात असतं. पण वारा तोंडावर इतका आदळतो की श्वास घ्यायचंच विसरायला होतं. बाहेर पडताक्षणी जोरात ओरडा, ओरडून संपलं की श्वास आपोआप आत येतो, मला ह्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. दोन माणसांच्या वजनाने वेग फार वाढू नये म्हणून इन्स्ट्रक्टर मागे एक छोटं पॅराशूट सोडतो, त्यामुळे वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो.

साधारण ५,००० फुटांवर मोठं पॅराशूट उघडतं आणि एकदम शांत होतं, बोललेलं ऐकू येतं, खाली रस्ते आणि शेतं दिसायला लागतात. मला फ्रीफॉलपेक्षा ही पाच-सहा मिनिटं जास्त आवडली. इन्स्ट्रक्टर गिरक्या घेतो, मळमळत असेल तर लगेच सांगा, तो सरळ नेतो. कान दडपले तर नाक धरून, तोंड बंद ठेवून हलकेच नाकातून हवा सोडल्यासारखं करा. उतरताना गुडघे वर, पाय सरळ समोर, आणि त्याने सांगितल्याशिवाय पाय खाली टेकवायचे नाहीत.

आता जोडप्यांनी आपसात बोलायची गोष्ट. दोघांपैकी एकाला खरंच नको असेल तर गळ घालू नका, पैसे गेले, लोक काय म्हणतील, मी एकटी कशी जाऊ, यातलं काही काढू नका. आम्ही घरीच ठरवलं होतं की विमानाच्या दारातसुद्धा नाही म्हणायची मुभा आहे आणि त्यावर नंतर कधी एक शब्द निघणार नाही. नवरा म्हणतो की हे ठरलं होतं म्हणूनच तो दारापर्यंत आला. जो खाली थांबेल त्याला उतरायची जागा कुठून दिसते ते दाखवून ठेवा, त्यालाही तो दिवस आपला वाटला पाहिजे.

उडीनंतरची दुपार मोकळी सोडा. आधी तासभर तोंड बंद होत नाही आणि मग अचानक अंगातलं त्राण जातं, आम्ही दोघंही तीन तास गाढ झोपलो. व्हिडिओ घेणार असाल तर इन्स्ट्रक्टरच्या हातावरच्या कॅमेऱ्याचा पुरतो, वेगळा कॅमेरावाला पहिल्या वेळी लागत नाही. स्वतःचा फोन किंवा कॅमेरा न्यायचा हट्ट करू नका, स्वतःच्या उड्या मारणाऱ्यांनाही २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावू नका असं सांगतात. व्हिडिओची लिंक मिळाली तर ट्रिप संपायच्या आत डाउनलोड करून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, अशा लिंक काही दिवसांनी बंद होतात.